शोकांतिकेचं सुतक

कुंभकोणमला इंग्रजी साहित्यात बी.ए. करताना मी घरी अभ्यास मोठ्यानं आणि मराठीत करत असे. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठा दरबारातले, तिथल्या राजघराण्याला आमच्या घरात अजून ‘महाराज’, ‘राणीसाहेब’च म्हणतात; त्यामुळे नाटकातले इंग्रज राजेही माझ्या तोंडी मानानंच मरायचे. एका रविवारी मी शोकांतिकेचा शेवट घोकत होते, ‘राणीसाहेब गेल्या, मागोमाग महाराजही गेले.’

बाहेर वडिलांनी ते ऐकलं. ते तडक विहिरीवर गेले, सुतकाची आंघोळ केली आणि ओलेत्यानंच दारात येऊन म्हणाले, ‘तंजावरला निघायला हवं.’

मी त्यांना नाटकाचं पुस्तक दाखवलं. निथळत्या हातांनीच त्यांनी ते उलटंपालटं केलं.

‘ज्यांनी आपलं राज्य गिळलं,’ ते म्हणाले, ‘त्यांच्या राजासाठी मी नाहलो?’