कचरूचे तळवे

कचरू लोणी काळभोरचा. तीस वर्षं जीप हाकून त्याची सगळी अक्कल डोक्यातनं तळव्यात उतरलेली. पाऊस सरून जंगलाचं फाटक उघडलं, की पुण्याची माणसं घेऊन तो चांदोलीच्या बाजूला जायचा. ओढा आडवा आला, की चपला काढून आधी स्वतः पाण्यात शिरायचा. गोटे हलतात का, वाळू धरून हाय का, चाक कुठं रुतंल, हे तळव्यानं चाचपायचं, मगच चारी चाकांना जोर देणारा दांडा ओढायचा. जीपचे मालक हिंमतराव गिऱ्हाइकाला हेच सांगायचे, "आमचा कचरू पायानं पाणी वाचतो."

ते पाय आता बधिर झाले होते. साखरेचं दुखणं. गेल्या महिन्यात एका पायातली चप्पल वाटेतच गळाली आणि गड्याला पत्ता नाही, तसाच घरापर्यंत आला.

"मालकाला सांगा," बायको, राधा, म्हणाली.

"सांगतो की," कचरू म्हणाला, पण सांगितलं नाही. जीप सुटल्यावर उरणार काय? दारातलं जोतं आणि आपण.

अशाच एका फेरीला जीपमध्ये गिऱ्हाईक दोघंच होते. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या कुसुमताई आणि त्यांचा भाचा पुष्कर. रान असं दाट, की भर दुपारी ऊन खाली उतरंना. खोडांवर शेवाळ, पाचोळ्यात जळवा, वाट चिखलानं गुळगुळीत. ब्रेक कुठला नि क्लच कुठला हे कळंना म्हणून कचरू घडोघडी खाली बघायचा.

"कचरूराव, रस्त्याकडे बघा," कुसुमताई म्हणाल्या. "तुमचे पाय कुठे पळून जाणार नाहीत."

पुढं ओढा आला. कचरू चपला काढून शिरला. पाण्याचा गारवा पोटऱ्यांना लागला, त्याच्या खाली काहीच नाही. दुसऱ्याच कुणाचे तरी पाय पाण्यात सोडल्यासारखं. तो मधोमध उभा राहिला, इकडंतिकडं दाबल्यासारखं केलं.

"काका, सेफ आहे ना?" पुष्कर ओरडला. "फोर बाय फोर आहे, घाला की बिनधास्त!"

"जायला हरकत नाय," कचरू म्हणाला.

तो काठावर आला तर डाव्या पायाखालचा दगड लाल झाला.

"रक्त येतंय तुमच्या पायातून," कुसुमताई म्हणाल्या.

"जळू लागली असंल."

"जळू एवढी चीर पाडत नाही." त्यांनी त्याला दगडावर बसवलं, चष्मा सावरून वाकल्या. जखमेत दगडाची कपची रुतलेली. कचरू समोर झाडांकडं बघत होता.

"दुखतंय?"

"थोडं. तुम्ही दाबताय म्हून."

"मी अजून हात लावलेला नाही."

कचरूची मान खाली गेली.

"मग ओढ्याचं आत्ता सांगितलंत ते कशावरून?"

"अंदाजानं, ताई."

पुष्करनं एक फांदी मोडली आणि ओढ्यात जिथनं चाक जाणार तिथं वाळूत खुपसली. हातभर आत गेली. पोरानं ती उपसून गुमान बाजूला ठेवली, एवढं मात्र कचरूला फार लागलं.

कुसुमताईंनी कपची काढली, रुमाल आवळून बांधला. "परत फिरवा. हिंमतरावांना मी काही सांगणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

पायाकडं बघत बघत कचरूनं जीप फाटकापर्यंत आणली. तिथं रेंज आली आणि हिंमतरावांचाच फोन.

"कचरू, शनिवारी सहा जण हायेत. दोन बारकी पोरं हायेत, नीट ने."

हो म्हणायला एक शब्द पुरला असता. कचरूनं इंजिन बंद केलं.

"मालक, दुसरा डायवर बघा. मला पायाखालचं कळंना झालंय."

"पिऊन हायेस काय?"

"पिलो असतो तर उतरली असती. आज ताईंना पाण्यात घालत होतो."

"बघू," म्हणत हिंमतरावांनी फोन ठेवला. ते बघू म्हणजे जीप सुटली, हे कचरूला समजलं.

तो उतरला, किल्ली पुष्करच्या हातात दिली आणि लंगडत मागं जाऊन बसला. पुष्करनं दोनदा गाडी बंद पाडली.

"काका, क्लच फारच हार्ड आहे हो."

"असू दे. तुला कळतोय न्हवं? मग चल."