आखाजीला जळालेली मोटार

आमच्याकडे जावयाला नाही म्हणत नाहीत. देवाला एखाद्या वेळी म्हणतील, जावयाला नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, थोरली बहीण माहेरी आली की मागोमाग दाजी यायचे, आणि परत जाईपर्यंत आमच्या घरात ते म्हणतील ती पूर्व दिशा.

दाजी धुळ्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत. म्हणजे मान दुप्पट. त्या वर्षी मी दहावीची परीक्षा देऊन बसले होते आणि मला जळगावला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करायचा होता. आबा, म्हणजे माझे वडील, होही म्हणेनात आणि नाहीही म्हणेनात. "जवायाले इचारू," एवढंच म्हणाले. झालं. माझं पुढचं सगळं शिक्षण आमरसाच्या वाटीत बोटं बुडवून बसलेल्या माणसाच्या हाती गेलं.

दाजींनी मांडे मोडता मोडता निकाल दिला. मुलींनी शिकावं, जरूर शिकावं, पण होम सायन्स. वीज हा बायकांचा प्रांत नव्हे. आईने मान डोलावली, आबांनी रसाचं पातेलं त्यांच्याकडे सरकवलं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पुढचा मांडा मी त्यांना मुद्दाम करपलेला वाढला. तोही त्यांनी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजेच्या शेगडीवर दूध तापेना. उन्हाळ्यात आमच्या भागात सगळ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि उरलीसुरली वीज घरात यायची. दाजींना आयताच विषय मिळाला. कोळशाने ओट्यावर आकडे मांडून त्यांनी आईला धडा दिला. "शेगडी दोनशे वीस व्होल्टची, करंट घेते पाच अँपिअर. भागाकार करा, रेझिस्टन्स चव्वेचाळीस ओहम. गुणाकार करा, पॉवर अकराशे वॅट. आता व्होल्टेज आलंय समजा एकशे दहा. म्हणजे करंट अडीच, आणि पॉवर फक्त पावणेतीनशे. व्होल्टेज निम्मं, तर उष्णता पावपट."

हिशोब अगदी बरोबर होता, उगाच खोटं कशाला बोलू. आई म्हणाली, "केवढं डोकं." आणि तिने दूध चुलीवर ठेवलं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण शहाण्या माणसाला थांबवणार कोण? ते आबांबरोबर मळ्याकडे निघाले. मीही गेले, कारण मोटार चालू-बंद करणं हे माझंच काम होतं. केळीचे घड बाहेर पडले होते, आणि त्या उन्हात पाणी चुकलं की झाड घडासकट मोडून पडतं.

मोटारघराच्या भिंतीवर दोन मीटर होते, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. तराजूच्या पारड्यांसारखं त्यांचं चालायचं, एक काटा उतरला की दुसरा चढायचा. शेगडीला कमी मिळालं तर ती कमी तापते आणि गप बसते. मोटारीला पाणी तेवढंच वर ओढायचं असतं, म्हणून व्होल्टेज उतरलं की ती करंट जास्त ओढते आणि आतून जळते. व्होल्टेज नसेल तर मोटार लावायची नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

त्या दिवशी व्होल्टचा काटा चारशे चाळीसवरून तीनशेवर आला होता. आबा म्हणाले, "आज राहू द्या." दाजींनी मोटारीवरच्या पाटीकडे पाहिलं. चारशे चाळीस व्होल्ट, दहा अँपिअर. "इथेही चव्वेचाळीस ओहमच. तीनशेला भागा, सात अँपिअरसुद्धा होत नाहीत. आबा, तिला आज उलट आराम आहे. चालवा."

मोटार लावली. अँपिअरचा काटा पंधरावर गेला. दाजींनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "मीटर बिघडलाय."

मी म्हणाले, "दाजी, मीटर चांगला आहे. हे गणित शेगडीचं आहे."

आबांनी माझ्यावर डोळे वटारले. जावयाचा शब्द मोडायचा नसतो. करंट वाढला की आपोआप वीज तोडणारा स्टार्टर मात्र सारखा मोटार बंद पाडत होता. त्या बिचाऱ्याला आमच्या घरच्या रीती कुठे ठाऊक. शेवटी दाजींनी कपाशीच्या पऱ्हाटीची काडी मोडून त्याच्या बटणात खोचली, म्हणजे ते दाबलेलंच राहील. कमी व्होल्टेजवर उभ्या जन्मात मोटार न लावलेले आबा हात मागे बांधून बघत राहिले.

धूर यायला वेळ लागला नाही. दाजी म्हणाले, "वाइंडिंगच हलकं होतं."

आबा म्हणाले, "हो ना."

मोटार जळगावला दुरुस्तीला गेली. ती येईपर्यंत केळी वाळत राहिली. आबा रोज मळ्यात जाऊन मोडलेली झाडं बघायचे आणि घरी येऊन दाजींना आग्रहाने रस वाढायचे. निघताना टॉवेल, टोपी, कापड असा सगळा आहेर झाला. आबा स्वतः त्यांची पिशवी घेऊन एस्टीपर्यंत पोचवायला गेले.

परत आल्यावर ओसरीवर बसून आबा आईला म्हणाले, "पोरगी जळगावले जाईन. मोटारीचंच शिकीन."

माझे डोळेच भरून आले. म्हटलं, अखेर आबांना माझी हुशारी कळली.

आई म्हणाली, "पन जवाई तं होम सायन्स म्हने."

"जवाई लय शिकेल हायेत," आबा म्हणाले. "पन आपन त्याहीले काही बोलू शकत नही. मोटारीचं समजनारं असं एक मानूस घरात पाहिजे, ज्याले मी गप बस म्हनू शकीन."