आधी थोडं आवळा

एखादी वस्तू अडून बसली की इतरांना राग येतो. आनंदीबाई परचुऱ्यांना कुतूहल वाटतं. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. घरातलं घड्याळ, मिक्सर, गिझर, काहीही बिघडलं तरी कारण कळेपर्यंत त्यांनी ते दुरुस्तीला दिलं नाही. कारण कळल्यावर त्यातल्या काही वस्तू दुरुस्तीला देण्याजोग्या उरल्या नाहीत, हेही सांगितलेलं बरं.

सदुसष्टाव्या वर्षी त्यांनी बिबवेवाडीतल्या आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली आणि अठरा वर्षांच्या गाडीखाली डोकं घातलं. कारण होते श्रीनिवासराव, त्यांचे यजमान. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून रिक्षा तर सोडाच, स्वतःच्या गाडीतही प्रत्येक खड्ड्याला ते कळवळत. मागचे शॉकअप पार गेले होते. आठ महिन्यांत हा माणूस दवाखान्याखेरीज कुठेही गेला नव्हता, आणि हल्ली तर कुठे जायचं नावही काढत नसे. बाईंना त्याचीच जास्त भीती वाटे.

गॅरेजवाला म्हणाला, "बोल्ट गंजलेत, मोडतील. गाडी भंगारात द्या." बाई नवे शॉकअप घेऊन घरी आल्या. पण जुना शॉकअप धरून ठेवणारा नट बोल्टावर गंजून घट्ट बसलेला. बोल्ट मोडला तर गाडी जागची हलणार नाही, आणि श्रीनिवासरावही.

पहिल्याच दिवशी सोसायटीतल्या सात जणांनी येता-जाता सात उपाय सांगितले, त्यातल्या पाच जणांकडे गाडीही नव्हती. दुसऱ्या दिवशी बाईंनी काचेवर कागद चिकटवला : 'काम चालू आहे. सल्ला नको आहे.' पुण्यात सिग्नल पाळत नसतील, असे कागद पाळतात.

चार दिवस शांततेत गेले. बाईंनी रॉकेल सोडलं, ठोकून पाहिलं, पान्याला लांब पाईप अडकवला. बळ गुणिले अंतर. फळ्यावर हजारदा लिहिलेलं. पाईप वाकला. नटाने हूं की चूं केलं नाही.

समोरच्या इमारतीतले मैनुद्दीनभाई रोज दूध आणायला निघाले की तिथे थांबत, कागद वाचत आणि पुढे जात. उभं आयुष्य ट्रक दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. पाचव्या दिवशी बाईंनीच हाक मारली.

"मैनुद्दीनभाई, हा नट सुटत का नाही?"

"सांगू? पण तो कागद..."

"कागद गेला खड्ड्यात!"

भाई वाकले. "बाई, तुम्ही नुसता सोडवताय. आधी थोडा आवळा."

"अहो, मला काढायचाय तो!"

"म्हणूनच. किंचित आवळला की गंज तडकतो. मग जरा सोडवायचा, तेल घालायचं, परत आवळायचा. एकदम ओढलं की मोडलं."

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"होतं की. पण बाईंनी लिहिलंय म्हटल्यावर आम्ही कोण बोलणार?"

बाईंना आधी संताप आला, मग लाज वाटली, आणि शेवटी दोन्हींवर कुतूहलाने मात केली. त्यांनी पाना लावला आणि आवळला. 'कट्' असा आवाज झाला. बाईंनी हात मागे घेतला. मोडला?

"फिरवा आता," भाई म्हणाले. नट सूतभर सरकला. संध्याकाळपर्यंत मागे-पुढे करत दोन्ही बाजूंचे नट निघाले आणि नवे शॉकअप बसले. कागद बाईंनी स्वतः फाडला.

दुसऱ्या दिवशी तपासणीची वेळ होती. श्रीनिवासराव मागच्या सीटवर उशांना टेकून बसले आणि त्यांनी सवयीने डोळे घट्ट मिटले. फाटकाबाहेरच लागतो तो स्पीडब्रेकर. पुढची चाकं गेली, मग मागची. मागून कळवळल्याचा आवाज नाही. आरशात बघायचा बाईंना धीर होईना.

"दुखलं का हो?"

"गेला स्पीडब्रेकर?" त्यांनी डोळे उघडले. थोडा वेळ ते बाहेरची दुकानं बघत राहिले. मग म्हणाले, "दवाखाना झाला की मंडईत चल गं. मला पेरू घ्यायचेत."

बाईंनी गाडी कडेला घेतली. पुढचं काहीच दिसेना, म्हणून आधी चष्मा पुसला.