घाटाच्या अलीकडे

"उजव्या डोळ्यात रेटिनल डिटॅचमेंट आहे," खारघरच्या डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा जागेवरून सुटला होता. ऑपरेशन लगेच हवे होते.

मी म्हटले, "शनिवारी बंगळूरला जायचंय. मुलीचं पहिलं बाळंतपण आहे. विमानाचे पावणेदोन तास फक्त."

त्या फाइलमध्ये लिहीत राहिल्या.

आधी डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे होत होते. मग खालून काळी सावली चढली. चष्म्याचा नंबर बदलला असेल असे समजून मी बॅग भरत राहिले. असे कुणाला झाले तर बॅग बाजूला ठेवावी.

पहिले बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. रक्तदाबामुळे केतकीला प्रवासाची मनाई झाली, म्हणून माहेरानेच तिच्याकडे जायचे ठरले होते.

ऑपरेशनमध्ये डोळ्यात गॅस भरतात. त्याचा बुडबुडा पडदा दाबून धरतो. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, बुडबुडा फुगतो आणि नजर कायमची जाऊ शकते. ऑपरेशन झाल्यावर माझ्या मनगटावर इशाऱ्याचा हिरवा पट्टा बांधला. गॅस विरेपर्यंत विमान बंद.

"गाडीने नेतो," माझा नवरा सुधीर म्हणाला.

"घाटही नाही," डॉक्टर म्हणाल्या. "बंगळूरच नऊशे मीटर उंच आहे."

"मंगळूरपर्यंत किनाऱ्याने रेल्वे जाते."

"आणि पुढे? बंगळूर खाली आणणार का?"

करंजाड्याच्या घरात मी पालथी पडून होते. बुडबुडा पडद्यावर टेकून राहावा म्हणून डोके वर करायचे नाही. डोक्यावरून विमानांचे आवाज जात. नकाशावर साडेआठशे किलोमीटर होते. मला पनवेलमागचा घाटही ओलांडता येत नव्हता.

"आई, इथे सगळ्यांच्या आया आल्यात," केतकी फोनवर रडत म्हणाली.

सुधीरने टेबलावर कात्री आणून ठेवली. "पट्टा कापला तर विमानतळावर कोणाला कळणार?"

पुढच्या तपासणीला त्याने हेच डॉक्टरांना विचारले. त्या म्हणाल्या, "डोळ्याला कळेल."

मी केतकीला फोन करून सांगितले, आले तर बाळ एकाच डोळ्याने बघावे लागेल, कायमचे. ती म्हणाली, "मग नको येऊस. बाबांना पाठव."

माझ्या सोबतीला शेजारच्या वहिनी आल्या आणि सुधीर डिंकाचे लाडू घेऊन विमानात बसला. विहीणबाई दारातच म्हणाल्या, "भाऊ, बाळाला तेल लावायला शिकून आलात का?" केतकी हसली, ते मी फोनवर ऐकले. फोन जमिनीवर होता, मी त्याच्यावर ओणवी.

मुलगी झाली.

आता बसायची परवानगी आहे. बुडबुडा लहान होतो तशी डोळ्यात एक आडवी रेषा खाली सरकते. तिच्या वरचे स्वच्छ दिसते, खालचे काळे. मी चांगला डोळा हाताने झाकते आणि फोनवर नात बघते. आधी फक्त जावळ रेषेच्या वर होते. मग कपाळ आले, मग डोळे.

आज हनुवटी दिसली. पट्टा मनगटावर आहे. कात्री मी स्वयंपाकघरात जागेवर नेऊन ठेवली.