बाज आत हाय

पुतन्याचा फोन आला तवा मी गाठोडं बांधून बसले हुते. त्याच दिवशी गावाला जायाचं हुतं, ठकूबाईकडं. ठकूबाई म्हंजे माजी थोरली जाऊ. फोन नातीनं घेतला, अन् तिचं तोंड बघूनच मला कळलं. पुतन्या म्हनला, "काकी, आई गेली. सकाळी चुलीपशी बसल्या बसल्या..." म्हनलं बरं झालं, हातरून धरलं न्हाई. गाठोडं बांधलेलंच हुतं, तेच घेऊन निघाले. आता तिला जाऊन महिना होत आला. नात म्हनली, आजी, तू बोल, मी लिहून घेते. म्हनून हे सांगतीया.

मागल्या दिवाळीत ठकूबाई आमच्याकडं नगरला, सावेडीत आल्ती. मी ऱ्हाते त्या नातीच्या घरासमोर नवी बिल्डिंग उठतीया, तिच्यावर ही मोठी पाटी. ठकूबाईनं इचारलं, "काय लिहिलंय गं त्याच्यावर?" नात म्हनली, "लक्झरी फ्लॅट, मोठ्या आजी. म्हंजे चैनीचं घर." ठकूबाईनं जरा वेळ पाटीकडं बघितलं अन् म्हनली, "त्यात बाज ठिवायला जागा हाय का?" नात हसली. मी न्हाई हसले. मला कळलं ती कुठल्या बाजंचं बोलतीया.

चैन हा शबूद आमच्या सासूच्या तोंडात दिवसभर असायचा. च्यात गूळ जरा जास्त पडला, चैन. भिंतीला पाठ लावून बसलं, चैन. सनवार नसताना डोक्याला तेल लावलं, चैन. आमचं गाव भिंगारच्या पल्याड, कोरडवाहू. तवा मोठी लढाई चालू हुती अन् भिंगारला पलटनीच्या कॅम्पातल्या जनावरांना गवत लागायचं. आमी दोघी जावा माळानं गवत कापायचो, भारा डोक्यावर घेऊन भिंगारला न्यायचो, येताना मीठ, घासलेट काय मिळंल ते आनायचो. दिवसा आडवं हुयाला दोनच वाटा. एक तर तापानं फनफनायचं, न्हाईतर बाळंत हुयाचं. सासू वाईट हुती असं न्हाई. तिनं सवता कंदी पाठ टेकली न्हाई, मग दुसऱ्याची टेकलेली तिला बघवंना.

माजं पयलं पोर मेलेलंच जन्मलं. मुलगी हुती. सासऱ्यानं फडक्यात गुंडाळून वढ्याकडं नेली. मला दाखवली न्हाई, मीबी मागितली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं इळा आनून माज्या उशाशी ठिवला. म्हनली, "पोर असतं तर निजली असतीस, कोन नको म्हनलं असतं? आता कुनासाठी निजायचं? रिकाम्या कुशीनं निजनं म्हंजे चैनच की." खरं सांगते, मलाबी ते बराबरच वाटलं. पोर न्हाई तर कसली बाळंतीन? मी उठले, इळा घेतला. उंबऱ्यापतुर गेले अन् डोळ्यापुढं अंधारी आली. खाली बघितलं तर लुगडं रक्तानं भिजल्यालं, पायावरनं वघळ चाललेला.

ठकूबाई भारा बांधायची दोरी घेऊन दारात हुबी हुती. तिनं माज्या हातातला इळा काढून घेतला, मला भिंतीला टेकवलं अन् बाहेर गेली. वट्यावर सासऱ्याची बाज असायची. घरात बाज ती एकच. बाळंतपन सोडलं तर तिच्यावर बाईमानूस बसायचं न्हाई. सासरे गावात गेल्ते. ठकूबाईनं ती बाज आडवी करून एकटीनं दारातनं आत वढली. मला तिच्यावर निजवलं, अन् खापरात इंगळ घालून खाली सारलं, बाळंतिनीला ठिवत्यात तसं.

सासू धावत आली. "ठके, येड लागलं का तुला? ह्यांनी कुठं निजायचं?"

"भुईवर. आपन निजतोच की."

"अन् गवत?"

"मी आनते."

"दोघींचं?"

"दोघींचं."

"लई आली चैन पुरवनारी!"

"व्हय. आली," ठकूबाई म्हनली, अन् दोरी उचलून माळाला गेली.

सांजच्याला सासरे आले. त्या काळात सुना सासऱ्याम्होरं बोलत नसायच्या, पदर म्होरं वढून आत सरायच्या. वट्यावर त्यांनी इचारलं, "बाज कुठंय?" मी आत पडलेली. आता मला उठवत्यात, असंच वाटलं. तवा ठकूबाई दाराआडनं बोलली, "बाज आत हाय, मामंजी. बाळंतीन हाय तिच्यावर."

बाळंतीन... तवर मला तसं कुनीच म्हनलं नव्हतं. सासरे म्हनले, "घोंगडं दे इकडं," अन् वट्यावर भुईलाच निजले. त्यानंतर बाजेचा इषय घरात निघाला न्हाई.

मग दूध उतरलं. पोर न्हाई ते छातीला काय ठाव? दगडावानी झाली. कापड तवा कार्डावर मिळायचं, तेबी मिळलं तर. ठकूबाईनं सवताच्या लुगड्याचा काठाकडला तुकडा फाडून माजी छाती आवळून बांधली. तेवढं लुगडं तिला कायमचं आखूड झालं. दिवसा ती भारा टाकून आली की परत माळाला जायाची, माज्या वाटचं आनायला. मी रक्त थांबून नीट चालायला लागेपतुर तिनं हे केलं. यकदा मी इचारलं, "बाई, तुमच्या पयल्या येळंला बी पोर गेलं हुतं म्हनत्यात. तवा बाज कुनी दिल्ती?" ती माजा पाय शेकत हुती. म्हनली, "माज्या येळंला बाज वट्यावरच हुती." एवढंच. परत कंदी त्याच्यावर बोलली न्हाई.

पुढं मला चार लेकरं झाली, तिलाबी झाली. आमी नगरला आलो, ती गावाकडंच ऱ्हायली. सासऱ्यांमागं ती बाज तिच्याकडं गेली. ती सवता जल्मभर भुईलाच निजली. पन मी गावाला जानार म्हनलं की आदल्या दिवशी पायथ्याचं सुंभ वढून बाज कडक करून ठिवायची. मी म्हनायची, "कशाला एवढं? मी काय आता बाळंतीन हाय?" ती म्हनायची, "झोळ पडली तर पाठ धरती. नीज गप."

ती गेली त्या दिवशी मानसं तिला पोचवून वढ्याकडनं माघारी आली, बायका एकेक करून उठून गेल्या. बाज वट्यावर हुती. मी टेकले तर जरासुद्धा झोळ न्हाई. सुंभ ताठ. पुतन्याची बायको म्हनली, "काकी, आत्याबाईंनी काल दुपारी वढून बांधलं. मी म्हनलं, मी करते, तर हात लावू दिला न्हाई."

मी आडवी झाले. टळटळीत दुपार हुती.

"काकी, बरं न्हाई का वाटत?" तिनं इचारलं.

"बरं हाय," म्हनलं. "नुसती निजलीया."