चौदा नंबरवर राहिलेले शब्द

लॅबमध्ये माझा चौदा नंबरचा कॉम्प्युटर ठरलेला होता. सोमवारी तो सुरूच झाला नाही, म्हणून मॅडमनी मला सहा नंबरवर बसवलं. ब्राउझर उघडला, तर माझं एक्स्टेन्शन गायब.

इंग्रजी शब्दावर दोनदा क्लिक केलं की ते मराठी अर्थ दाखवायचं आणि तो शब्द एका यादीत ठेवायचं. बारावीपर्यंत मी मराठीतूनच शिकले. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यामुळे शब्द अडला तर विचारायला घरी कोणी नाही. शुक्रवारी मातीतल्या जिवाणूंवरच्या एका इंग्रजी लेखावर मला सेमिनार द्यायचा होता. दोनदा मी तो पुढे ढकलला होता. "आता नाही बोललीस तर शून्य लिहीन," असं सर म्हणाले होते. त्या लेखातले दीडशेच्या वर शब्द यादीत होते.

आधी वाटलं, माझ्याच हातून काही बिघडलं. विचारायची लाज वाटत होती. एक्स्टेन्शनचं पान पाहिलं, रिकामं. तेच एक्स्टेन्शन पुन्हा टाकलं. ते आलं, पण यादीत एकही शब्द नव्हता. काढून परत टाकलं, ब्राउझर बंद करून उघडला, तरी तेच. शेवटी मॅडमकडे गेले.

"तुझे शब्द चौदा नंबरमध्ये नाहीत," त्या म्हणाल्या. "तुझ्या खात्यात आहेत. तिथं तुझं खातं उघडं होतं, इथं नाही. लॉगिन कर."

ते खातं ॲडमिशनच्या वेळी बाबांच्या मोबाइलवर काढलेलं. म्हणजे लॉगिनचा कोड त्यांच्याकडे जाणार, आणि ते आसेगावला शेतात. माझा फोन बंद पडला होता. मॅडमनी त्यांचा दिला.

"बाबा, मी बोलून राह्यली. तुमच्या मोबाइलवर सहा आकडे आले असतीन, ते सांगा."

"कोन मी? हा नंबर तं माह्या पोरीचा नाही."

"मॅडमचा फोन हाय. माहा बंद पडला."

"असंच बोलतेत ते लोक. आवाज बी तसाच काढतेत."

हे मीच त्यांना शिकवलं होतं. बँकवाला असो, की माझं नाव सांगणारा कोणी, कोड द्यायचा नाही. दिवाळीत समोर बसवून तीनदा म्हणवून घेतलं होतं. मॅडम शेजारीच उभ्या होत्या. फोन ठेवून द्यावा, असं वाटलं. पण शुक्रवार डोळ्यांसमोर होता.

"बरं, मंग तुमीच काही विचारा."

"आपल्या लाल गाईचा कोनता कान फाटेल हाय?"

"डावा. तारेत अडकला होता. तुमी सोडवाले गेले तं तिनं तुमाले लाथ मारली."

"लाथीचं कायले सांगतं? मॅडम आयकून राह्यल्या असतीन," ते म्हणाले आणि आकडे वाचायला लागले. तोवर कोडची मुदत संपली होती. दुसरा मागवला. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

लॉगिन झालं, तरी यादी नाही. आता मात्र मी विचारायला उठले नाही, स्वतःच शोधत बसले. मी फक्त मेल उघडली होती, ब्राउझरला खातं जोडलंच नव्हतं, हे कळायला पंधरा मिनिटं गेली. कोपऱ्यातल्या गोल चिन्हावर जाऊन खातं जोडलं, सिंक सुरू केलं आणि थांबले. आधी एक्स्टेन्शनचं चिन्ह आलं. मग यादी, अगदी पहिल्या शब्दापासून. त्याच दिवशी सगळे शब्द वहीतही उतरवून घेतले.

शुक्रवारी बोलले. दोन ठिकाणी अडखळले, तिथं वही उघडून पाहिली, सर्वांसमोर. सरांनी एक प्रश्न विचारला आणि पुढचा नंबर पुकारला.

संध्याकाळी बाबांनी फोनवर विचारलं, "काय पुसलं सरनं?"

"जमिनीत नत्र कोन धरून ठेवते ते."

"आलं तुले?"

"आलं."

"गाईच्या कानापेक्षा सोपं होतं मंग," ते म्हणाले आणि गाईला चारा टाकायला गेले.