गुडघा दाखवायला आलोय

“संध्याकाळी सांगतो,” म्हणाला आणि दुपारीच गेला. दादाचं सगळं असंच. त्या दिवशी सकाळी मी एसटी पकडायच्या घाईत चपला पायात सरकवत होते, तो पडवीत बसून चहा बशीत ओतत होता, आणि मी त्याला पुन्हा तेच विचारलं. बाबा रे, तीन कॉलेजं बघून झाली, पोरीचा पसंतीक्रम भरायची मुदत तोंडावर आली, कुठलं ते एकदा सांगून टाक. त्याने निवांत बशी फुंकली. “संध्याकाळी सांगतो. घाई काय गो तुला?” मी फाटक आपटून निघाले. दुपारी रत्नागिरीच्या कचेरीत डबा उघडला तेवढ्यात माझ्या मुलीचा फोन आला. आई, मामा जेवून आडवा झाला तो उठत नाहीये... मी पालीला पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच हृदय बंद पडलं म्हणाले. कुणाला त्रास न देता गेला हो, असं जो तो म्हणत होता. कुणाला नाही कसा? मला दिला की. अजून देतोय.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. उभी नोकरी पोफळीला वीजकेंद्रात केली, तिथल्याच वसाहतीत राहिला. वहिनी गेल्या, मग निवृत्त झाला आणि माझ्याकडे पालीला आला. माझे मिस्टर मुंबईला नोकरीला, त्यामुळे घरात दादा, मी आणि यशू. तरुणपणी दादा कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचा. चढाईला आलेल्याचा घोटा त्याच्या हातात आला की सुटायचा नाही, हे त्याचे पोफळीचे सोबती त्याच्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेल्यानंतरच्या स्मरणाच्या, कार्यक्रमातही सांगत होते. राजापूरला एका सामन्यात पकड करताना त्याचा स्वतःचाच गुडघा पिरगळला. टेम्पोत घालून घरी आणला. फिजिओ हा शब्द तेव्हा आमच्याकडे कुणाच्या कानावरूनही गेला नव्हता. हाडं बसवणारे एक गृहस्थ आले, दोघांनी दादाचे खांदे दाबून धरले आणि त्यांनी पाय ओढला. मी लहान होते, मागच्या दारी पळून गेले, तरी त्याचा आवाज ऐकू आलाच. वर गरम तेल, पाला, फडकं. खेळ तिथेच संपला. पुढे आयुष्यभर तो एक पाय जरा बाहेर टाकून चालायचा, आणि दुखतंय का विचारलं तर विचारणाऱ्यावर खेकसायचा.

यशू, म्हणजे यशोधरा, माझी एकुलती एक. तिला कबड्डी त्यानेच लावली. तीसुद्धा डावा कोपरा. अकरावीत तिचा घोटा मुरगळला तेव्हा मी तेल गरम करायला ठेवलं, तर हा माणूस स्वयंपाकघरात येऊन गॅस बंद करून गेला. रिक्षा आणली आणि पोरीला रत्नागिरीला फिजिओथेरपीच्या बाईंकडे घेऊन गेला. त्या बाईंनी तिला एका पायावर उभं करून, रबरी पट्टा ओढायला लावून, हळूहळू पुन्हा मैदानात उतरवलं. तेव्हापासून यशूच्या डोक्यात बसलं ते बसलं. मला हेच शिकायचं आणि मला खेळायचंही. दोन्ही.

आता हे दोन्ही म्हणजे काय डोकेदुखी असते, ते ज्याच्या घरात खेळणारं पोर आहे त्यालाच कळेल. शाळेतले सर म्हणाले, खेळायचं तर साधी पदवी घे, हजेरी सांभाळून घेतात. क्लासवाले म्हणाले, फिजिओला जायचं तर खेळ विसर, प्रॅक्टिकलं असतात. ओळखीतल्या एका बाईंनी तर मुलीने घोटे धरत बसण्यापेक्षा नर्सिंग बरं, असा सल्ला मासळीच्या पाटीसमोर उभं राहून दिला. मी कॉलेजांना फोन लावायची, तिकडून कुणीतरी झोपेत असल्यासारखं “वेबसाइटवर बघा” म्हणायचं. वेबसाइटवर बघावं तर सगळ्यांचं मैदान भव्य, सगळ्यांचे प्राध्यापक अनुभवी, सगळीकडे खेळाडूंना प्रोत्साहन. फोटोतलं हिरवंगार गवतसुद्धा सारखंच. मी रडकुंडीला आले होते. आणि ह्या सगळ्यात दादा काय म्हणाला? म्हणाला, कॉलेज असं बघतात होय? मी बघतो.

त्याची बघायची तऱ्हा अशी. फिजिओथेरपीच्या कॉलेजला जोडून बाह्यरुग्ण विभाग असतो, तिथे शिकणारी मुलंच रुग्णांना हाताळतात, वर शिक्षक लक्ष ठेवतात. दादा प्राचार्यांच्या केबिनकडे फिरकायचाच नाही. थेट केसपेपर काढायचा आणि रांगेत बसायचा. गुडघा दाखवायला आलोय. जो गुडघा जन्मभर घरातल्या कुणाला दाखवला नाही, तो आता गावोगाव न्यायचा! नावं लिहीत नाही. उगाच कुणाची जाहिरात नको आणि बदनामीही नको.

पहिलं खाडीपलीकडचं, मुंबईच्या अंगाचं. मी रजा टाकून बरोबर गेले. एका मुलाने दादाच्या गुडघ्याला मशीन लावलं आणि कोपऱ्यात जाऊन मोबाइल बघत बसला. मशीन वाजलं, त्याने काढलं, व्यायामाचा छापील कागद हातात दिला, झालं. मैदानावर गाड्या लावल्या होत्या. त्या कागदावर दादाने घरी आल्यावर काजूगर काढले. दुसरं पुण्याकडचं. काय ती इमारत, काय त्या काचा, आत गारेगार. मोठ्या सरांनी स्वतः दादाला तपासलं, मुलं भोवती हात बांधून उभी. एकाही मुलाने गुडघ्याला हात लावला नाही, पण सर किती छान बोलले! गुडघ्याचा पट्टा लिहून दिला, तो आम्ही तिथल्याच दुकानातून घेतला. मैदान होतं, मुलींचा संघही होता. मी म्हटलं, हेच. दादा परतीच्या एसटीची वेळ बघायला लागला. पट्टा घरी आल्यावर खुंटीला लागला तो अजून तिथेच आहे.

तिसरं घाटावरचं. मला रजा मिळेना, म्हणून मामा-भाची एसटीने आंबा घाट चढून गेली. रात्री परत आली ती दादा तणतणतच. जुनी इमारत, वर पंखा कुरकुरतोय, आणि ह्याच्या वाट्याला आली म्हणे तिसऱ्या वर्षाची एक काडीपैलवान मुलगी. “मला दम देते! नातीच्या वयाची पोर आणि म्हणते, काका, खोटं मोजू नका, परत करा.” गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय खाली दाबायचा, धरायचा, सोडायचा. दादाने दोनदा केल्यासारखं केलं, तिने परत पहिल्यापासून करायला लावलं. वर सांगितलं, रोज केलं नाहीत तर मला कळेल, पुढच्या तपासणीला लपत नाही ते. जेवताना तेच, हात धुताना तेच. वळण कसं ते नाही पोरीला, मोठ्या माणसाशी बोलायची पद्धत आहे का काही. यशू मधे मधे मैदानाचं काहीतरी सांगू बघत होती, पण त्याच्या तोंडाच्या पट्ट्यापुढे तिचं कोण ऐकतंय. मी मनातल्या मनात घाटावरच्या कॉलेजवर काट मारली. दादाला आवडलं नाही म्हणजे विषयच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर पडवीत, माझा कोरा पाहुण्यांसाठी ठेवलेला टॉवेल गुंडाळून, नाडीने बांधून, गुडघ्याखाली! मी बोलले. तो म्हणाला, दुसरा पातळ आहे. मग ते रोजचंच झालं. सकाळी चहाच्या आधी पडवीत पाय पसरून बसायचा आणि तोंडाने पुटपुटत मोजायचा. मला केर काढायचा असायचा, ह्याचा पाय आडवा. एकदा तर अंगणात उतरायच्या चिऱ्याच्या पायऱ्या कठडा न धरता उतरला. मी ओरडले, पडशील, हौस आली का? त्याने मागे वळून नुसतं बघितलं. आणि कॉलेजचं विचारलं की, बघूया, सांगतो, थांब. मुदत जवळ येत होती, पोर रात्री झोपत नव्हती, मिस्टर फोनवरून वेगळंच टुमणं लावत होते, आणि ह्याचं आपलं बघूया. शेवटी ती सकाळ आली आणि ती संध्याकाळ आलीच नाही.

त्यानंतरचे दिवस... मला राग येतो आठवलं की. माणसं भेटायला यायची, जयभीम करून बसायची, दोन शब्द दादाबद्दल बोलायची आणि चहा येईपर्यंत यशूच्या कॉलेजवर यायची. मुंबईला टाका, वडील तिथे आहेत. कशाला, इथंच काहीतरी बघा, मुलीची जात. खेळाचा कोटा असतो ना, ओळख लावा. एका गृहस्थांनी दादाच्या फोटोसमोर बसून मला कबड्डीने मुलींच्या गुडघ्यांची कशी वाट लागते ते समजावलं. मी उठून आत गेले आणि भांडी आपटली. मिस्टरांचं खाडीपलीकडचं ठरलं होतं, त्यांच्याकडे राहून शिकेल. माझं पुण्याकडचं. आम्ही दोघं शोक बाजूला ठेवून चक्क भांडलो. आणि ज्या माणसाचं दोघांनीही ऐकलं असतं तो बोलायला नव्हता. कसला राग आला मला त्याचा! एवढा हिंडलास, एवढा गुडघा मिरवलास, मग एक नाव तोंडातून काढायला काय धाड भरली होती?

मुदत संपायच्या आदल्या दिवशी मी लॅपटॉप उघडून बसले आणि यशूला हाक मारली. ती पडवीत दादाच्या जागेवर बसली होती. टॉवेलची गुंडाळी मांडीवर.

“आई, मामाने जन्मात कधी कुणाचं ऐकलं?”

मी म्हटलं, आता हे काय मधेच. नाही ऐकलं. आईवडिलांचं नाही, वहिनींचं नाही, माझं तर नाहीच.

“मग हे रोज का करत होता?”

ती म्हणाली, कागदावर काजू काढले, पट्टा खुंटीला टांगला, आणि ज्या मुलीने दम दिला तिचं एक दिवसही चुकवलं नाही. पायऱ्या कठडा सोडून उतरायला लागला. तू ओरडलीस त्याला. मग ती मैदानाचं बोलली, जे त्या रात्री आम्ही कुणी तिला बोलू दिलं नव्हतं. मामा आत गुडघा दाखवत होता तेव्हापासून ती मैदानावरच जाऊन बसली होती. तिकडे लाल माती होती, संध्याकाळी मुली खेळत होत्या आणि शेवटच्या वर्षाची एक मुलगी रेषेजवळ बसून खेळणाऱ्यांच्या घोट्यांना पट्ट्या बांधत होती. मग तिचं झाल्यावर स्वतः चढाईला उतरली. “मला ते हवंय, आई. मी मामाला एसटीत सांगितलं होतं. तो म्हणाला, थांब, आधी माझा गुडघा काय म्हणतो ते बघू.”

तर हे असं. संध्याकाळी काय सांगणार होता ते तो रोज सकाळी माझ्या केराच्या वाटेत पाय पसरून सांगत होता. मी केरसुणी घेऊन त्याच्यावर डाफरत होते. मला रडू आलं आणि रडतानाही संतापच आला, की सरळ तोंडाने सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं रे? आम्ही पसंतीक्रमात घाटावरचं पहिलं टाकलं. मिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जागा मिळाली.

यशूला जाऊन आता थोडे दिवस झाले. परवा तिचा फोन आला. ती मुलगी भेटली होती, दम देणारी. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. नवीन मुलींमध्ये पालीची कोण असं विचारत आली आणि यशूला म्हणाली, तुझ्या गावचे एक काका होते, डावा गुडघा, फार हट्टी. पुढच्या तपासणीला येतो म्हणाले होते, आलेच नाहीत. तू ओळखतेस का त्यांना? व्यायाम सोडला असणार त्यांनी.

मी विचारलं, मग तू काय म्हणालीस? “म्हटलं, सोडला नव्हता. अगदी गेला त्या सकाळपर्यंत केला.”

फोन ठेवून मी पडवीत आले. घरात आता मी एकटीच, केर काढायला कुणाचा पाय आडवा येत नाही. टॉवेल तिथेच आहे, नाडी बांधलेला, मधोमध दबलेला. धुवायला टाकायचा म्हणून रोज उचलते आणि परत तिथेच ठेवते. कोरा होता, पाहुण्यांसाठी ठेवलेला. घेताना मला विचारलंसुद्धा नाही.